यादीत नसलेली गोळी

शिरवळच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळतो. घर साताऱ्यात. सकाळी सव्वासहाला पोवई नाक्यावर कंपनीची बस येते, खंबाटकीचा घाट ओलांडून तासाभरात शिरवळला सोडते आणि संध्याकाळी परत आणते. नोकरीत सांगण्यासारखं काही नाही. नट, बोल्ट, बेअरिंग, गॅस्केट. मागितलं की द्यायचं, संपलं की मागवायचं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी रॅकजवळ उभा असताना छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं आणि घामानं शर्ट चिंब झाला. कंपनीच्या गाडीतून साताऱ्याला नेलं. दोन स्टेंट बसले. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा सगळे खूश होते. शेजारी येऊन म्हणायचे, "नवीन इंजिन बसलं गड्या, आता शंभरी." मीही हसायचो. दीड महिन्यानं कामावर रुजू झालो. साहेबांनी वजन उचलायला मनाई केली, बसून करायचं काम दिलं. छातीत दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, हृदय छान चाललंय.

पण मला उठवत नसे. हे कसं सांगावं कळत नाही. दुःख म्हणावं तर दुःख कशाचंच नव्हतं. सकाळी बूट घालायला खुर्चीत बसलो की बुटाची नाडी हातात धरून तसाच बसून राहायचो. आत्ता बांधतो, आत्ता बांधतो, असं करत खाली नाक्यावर बसचा हॉर्न वाजायचा. दाढीचा ब्रश ओला करून तसाच ठेवून द्यायचो. दुपारचा डबा उघडायचा कंटाळा, उघडला तर चावायचा कंटाळा. सव्वातीनला जाग यायची ती यायचीच. बायकोला वाटायचं, आजारपणाचा अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. मलाही तसंच वाटायचं.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. दाजी तिथल्या गुळाच्या बाजारात एका अडतदुकानात कामाला होते, आता घरीच असतात. आजारपणानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलो तो एका शनिवारी, एकटाच. आक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो होतो. तिनं तव्यावरची भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "खा, गरम हाय तवर." आणि मला रडू फुटलं. कारण काहीच नाही. भाकरी ताटात, वाफ निघतेय, आणि मी त्रेपन्न वर्षांचा बाप्या हुंदके देऊन रडतोय. थांबवता येईना. आक्कानं तवा खाली उतरवला, पिठाचे हात तसेच घेऊन समोर बसली. मग म्हणाली, "कवापास्नं असं हुतंय?"

"तीन-चार महिने."

"घरी तिला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

दुसऱ्या आठवड्यात आक्का मला विश्रामबागेतल्या एका मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. शेजारणीच्या सुनेला बाळंतपणानंतर त्यांनीच बरं केलं होतं, म्हणून तिला माहीत. डॉक्टर साठीचे, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या दवाखान्याचे कागद पाहिले, सगळ्या गोळ्या एकेक करून वाचल्या. म्हणाले, हृदयाच्या झटक्यानंतर पुष्कळांना असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक गोळी लिहून दिली. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या नावानं एक चिठ्ठीही लिहिली. "ही त्यांना द्या. त्यांना माहीत असायला हवं. आणि अधूनमधून रक्तातली साखर तपासत राहा."

ती चिठ्ठी मी कधीच दिली नाही. शिरवळच्या माझ्या टेबलाच्या खणात, मालाच्या जुन्या चलनांच्या खाली ती पडून राहिली.

का दिली नाही ते सांगितलं पाहिजे. साताऱ्याच्या डॉक्टरांकडं बायको दर वेळी बरोबर असायची. त्यांना कळलं म्हणजे तिला कळलं. आणि तिला कळू द्यायचं नव्हतं. तिचं माहेर मेढ्याच्या बाजूचं. तिचा थोरला भाऊ विसाव्या वर्षी डोक्यानं बिघडला. मध्येच घरातून निघून जायचा, तीन-तीन दिवस सापडायचा नाही. त्याला गोळ्या देऊन झोपवायचे. तिचं सगळं तरुणपण त्याला शोधण्यात, भरवण्यात, लोकांची बोलणी ऐकण्यात गेलं. लग्न ठरताना दोन ठिकाणांहून त्याच कारणानं नकार आला होता. आमचं लग्न झाल्यावर एकदा ती म्हणाली होती, "त्या घरातनं सुटले मी." तिचं ते बोलणं मला पक्कं आठवत होतं. माझ्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं की तिला तो भाऊच दिसेल, असं मी मनाशी धरून बसलो.

आक्काला मी शपथ घातली. तिला ते पटलं नव्हतं. "चुकतोयस तू," एवढंच म्हणाली.

मग गोळी शिरवळला राहायला लागली. खणात. सकाळच्या चहाबरोबर मी ती घ्यायचो. सुट्टीच्या दिवसाची चष्म्याच्या डब्यात, कापडाखाली. महिन्यातून एकदा शनिवारी सांगलीला. एसटीनं कराड, पेठ नाका, आष्टा करत तीन तास. घरी सांगायचो, आक्काला भेटून येतो, जरा बरं वाटतं. ते खोटंही नव्हतं.

गोळीचा उपयोग झाला, हे मान्य केलं पाहिजे. पहिले दोन आठवडे तोंड कोरडं आणि मळमळ, पण दीड महिन्यात नाडी बांधून मी बसच्या आधी नाक्यावर उभा राहायला लागलो. एकदा चुकीचे बेअरिंग पाठवणाऱ्या माणसाशी फोनवर कडाक्याचं भांडलो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याला राग आला. किती दिवसांनी आला होता! मला बरं वाटलं.

त्याच सुमारास साखर वाढायला लागली. दवाखान्यात असताना उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव होती. सहा महिन्यांनी एकशे एकतीस. पुढं एकशे अडुसष्ट. साताऱ्याच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय खाता?"

बायकोच म्हणाली, "काय खात्यात? मी देते त्येच खात्यात."

"वडिलांना साखर होती?"

"होती," मी म्हणालो. खरंच होती, शेवटची दहा वर्षं.

"मग येणारच होती कधीतरी. कोलेस्ट्रॉलच्या गोळीनंही थोडी वाढते. पण ती बंद करता येणार नाही. दुसरी काही औषधं चालू आहेत का? आयुर्वेदिक वगैरे?"

बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "नाही."

साखरेची गोळी सुरू झाली आणि घरात एक मोहीम सुरू झाली. भात बंद. साखर डब्यातून काढून वरच्या फळीवर. सकाळी भिजवलेल्या मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. संध्याकाळी बसमधून उतरलो की ती गोडोलीच्या तळ्यापाशी उभी असायची आणि तिथून आम्ही चालायला लागायचो. दिवसभर तीही राबलेली असायची. सकाळी साडेचारला उठून माझा डबा, मग पतपेढीतली तिची नोकरी, मग हे चालणं. तिच्या टाचा दुखायच्या, पण मला एकट्याला चालू द्यायची नाही, कारण मी वाटेत काही खाईन अशी तिला शंका होती. तिनं स्वतःही गोड सोडलं. चहा आमच्या दोघांचा बिनसाखरेचा. मी म्हणायचो, तू कशाला? ती म्हणायची, "एका घरात दोन चहा करायला मला येळ न्हाई."

तीन महिन्यांनी तपासलं तर एकशे ब्याण्णव.

त्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन ती प्रयोगशाळेच्या पायरीवरच बसली. "मी आजून काय करू?" म्हणाली. मला नाही, असंच, समोर बघत. मी शेजारी उभा होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण इतके महिने लपवलंय, हेच आता सांगायला लागणार होतं, आणि ते गोळीपेक्षा मोठं झालं होतं.

मग तिनं शोधायला सुरुवात केली. माझे खिसे, डबा, बॅग. कुठं चॉकलेटचा कागद मिळतोय का, पेढ्याचा वास येतोय का. आणि एका शनिवारी मी सांगलीहून आलो तेव्हा बॅगेत कागदात बांधलेला गुळाचा खडा निघाला. आक्कानं बायकोसाठीच दिला होता, संक्रांत जवळ होती म्हणून. नेहमीच द्यायची. पण बायकोनं तो कागद उलगडला, गुळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि फोन उचलला.

"आक्का, खरं सांगा. आमचं हे तुमच्याकडं आल्यावर काय खात्यात?"

पलीकडं आक्का काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"म्हणजे मी हितं कारल्याचा रस काढायचा आन् तुमी तिकडं गूळ चारायचा? महिन्याच्या महिन्याला कशाला जात्यात त्ये, मला कळत न्हाई का? त्यांचं काय बरंवाईट झालं म्हंजे तुमी येणार हाय का सांभाळायला?"

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "कबूल झाल्या. म्हणाल्या, चुकलं माझं, खातो त्यो माझ्याकडं, मलाच न्हाई म्हणवत न्हाई."

मी आक्काकडं वर्षभरात गुळाचा खडा तोंडात घातला नव्हता. ती मला ताकाशिवाय काही प्यायला द्यायची नाही. तरीही तिनं आपल्या अंगावर घेतलं. मी सोमवारी शिरवळहून तिला फोन केला. म्हटलं, आक्का, असं का केलंस? ती म्हणाली, "मग काय करू? तूच शपथ घातलीयास. पर आता लय झालं. मी म्हातारी हाय, मला ह्ये झेपत न्हाई रं."

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. संक्रांतीला फोन नाही, आक्काच्या नातवाच्या बारशाला बायको गेली नाही. तीस वर्षांचं नातं होतं त्यांचं. माझी आई गेल्यावर आक्कानंच हिला घर लावायला मदत केली होती. मी हे सगळं बघत होतो आणि रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेत होतो.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर काहीतरी शोधत होतो. हृदयाच्या गोळ्या आणि साखर, असं. वाचता वाचता एके ठिकाणी आलं की कोलेस्ट्रॉलची एक गोळी आणि मनाच्या आजाराची एक गोळी, वेगवेगळ्या घेतल्या तर फारसं काही होत नाही, पण दोन्ही एकत्र घेणाऱ्या काही जणांची साखर वाढलेली आढळते. माझ्या गोळ्या नेमक्या त्याच होत्या का, हे मला कळलं नाही. नावं मिळतीजुळती वाटली. मी खण उघडला. पाकीट काढलं. म्हणजे बायकोची कारली, तिच्या टाचा, आक्काचं ते कबूल होणं, हे सगळं या एका पांढऱ्या गोळीपायी?

शहाणा माणूस डॉक्टरांना फोन करतो. मी तसं केलं नाही. दोन्हींपैकी एक बंद करू म्हटलं, आणि हृदयाची बंद करायची हिंमत नव्हती. जी कुणालाच माहीत नाही ती बंद केली तर कुणालाच कळणार नाही. त्याच दिवसापासून मी गोळी घेणं थांबवलं. एकदम.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. जिना उतरताना पायरी सरकल्यासारखी वाटायची. घाम, मळमळ. लहानसहान गोष्टींवर मी ओरडायला लागलो. मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं, असं मी आयुष्यात केलं नव्हतं. बायको ताट उचलून आत गेली. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

सहाव्या दिवशी सकाळी बस खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडली आणि सगळं गरगरलं. खिडकीतून ओकारी झाली. उठायला गेलो तो सीटांच्या मधे पडलो. आमच्या माणसांना वाटलं, परत झटका आला. कुणी छाती चोळतंय, कुणी जिभेखाली ठेवायची गोळी शोधतंय. शिरवळच्या एका लहान दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं, आणि म्हणाल्या, हृदयाचं काही नवीन दिसत नाही, पण थांबा.

बायकोला फोन गेला होता. ती शेजाऱ्यांच्या गाडीतून दीड तासात आली. केस विंचरलेले नव्हते, पायात घरातल्या चपला होत्या. माझा चेहरा बघून आधी तिनं माझ्या पायाला हात लावला, गरम आहेत का बघायला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

तिनं पर्समधून एक कागद काढला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर, तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेली यादी. घड्या पडून कागद मऊ झाला होता. ती वाचून दाखवायला लागली. सकाळची रक्त पातळ करायची, संध्याकाळची दुसरी, रात्रीची कोलेस्ट्रॉलची, ठोक्यांची अर्धी, पित्ताची उपाशीपोटी, साखरेची जेवणाआधी. नाव, किती ताकदीची, कवापासून सुरू, मधे कोणती बदलली, सगळं. नावं इंग्रजी, पण तिनं ती घोटून पाठ केली होती. शाळेतल्या मुलीसारखी, एकेका नावावर बोट ठेवत.

"आणखी काही?"

"न्हाई. येवढ्याच. मीच देते हातानं," ती म्हणाली. तिच्या आवाजात खात्री होती.

मी कॉटवर पडून ते ऐकत होतो. पंखा फिरत होता आणि त्याच्याबरोबर छत फिरत होतं. मी म्हणालो, "अजून एक आहे."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

"सांगलीच्या डॉक्टरांची. मनाची. अकरा महिने घेतोय. सहा दिवसांपूर्वी बंद केली."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळीचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते. चक्कर, झटके, चिडचिड त्याचीच आहे. साखरेचं सांगितल्यावर त्यांनी यादीतली कोलेस्ट्रॉलची गोळी पुन्हा बघितली. "असू शकतं. दोन्हींचा मेळ काही लोकांना बाधतो असं आम्ही शिकलोय. पण ते तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बघायला हवं. एकाला अर्धं माहीत आणि दुसऱ्याला अर्धं माहीत, मग कोण काय ठरवणार?" त्यांनी तिथूनच सांगलीला फोन लावला.

बायकोनं यादीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

परत येताना गाडीत ती पुढं बसली, शेजाऱ्यांच्या बाजूला. घाट उतरून भुईंज मागं पडलं तेव्हा मान न वळवता तिनं विचारलं.

"आक्कांना म्हाईत हुतं?"

"हो."

"पहिल्यापास्नं?"

"हो."



पुढचे आठ-दहा दिवस घरात कामापुरतं बोलणं. गोळी परत सुरू झाली होती, आता तीही बायकोच देत होती, हातावर ठेवायची आणि निघून जायची. मी माफी मागायला गेलो की ती भांडी जोरात आपटायची. एका रविवारी दुपारी मी गॅलरीत बसलो होतो, तेव्हा ती ज्वारी निवडायला समोर येऊन बसली. निवडता निवडता म्हणाली, "कशासाठी लपवलंत?"

मी तिच्या भावाचं सांगितलं. ती सुटले म्हणाली होती ते सांगितलं.

तिचे हात थांबले. "आवं, धा वर्सं मी त्याच्या गोळ्या दिल्या. कुठली घेतली की त्याला झोप येती, कुठलीनं हात कापत्यात, कुठली चुकली की दुसऱ्या दिवशी कसा बघतो, सगळं मला पाठ हुतं. सगळ्या घरात मलाच कळायचं. तुमचं मला पहिल्या आठवड्यात कळलं असतं." मग म्हणाली, "कळत हुतंच की. मला वाटलं, माझाच कंटाळा आला तुमाला."

मी पुढं सरकून तिच्याबरोबर ज्वारी निवडायला लागलो.

पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर सांगलीला आली. एसटीत खिडकीपाशी बसली, आष्ट्यापर्यंत डोळे मिटून. आक्का दारातच उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. तसं काही झालं नाही.

बायको म्हणाली, "मला एक फोन करायचा हुतात."

"त्यानं शपथ घातली हुती," आक्का म्हणाली.

"आन् तुमी पाळली."

"मी थोरली न्हवं का?"

"मी काय काय बोलले तुमाला."

"बोललीस खरं. लय बोललीस. आत ये आता, उन्हातनं आलाय."

एवढंच झालं. आत जाऊन बायको ओट्यापाशी उभी राहिली आणि न विचारता कांदा चिरायला घेतला. दोघी पाठमोऱ्या काम करत होत्या. दाजी मला म्हणाले, "चल, आपण बाहेर बसू."

दुपारी डॉक्टरांकडं आम्ही दोघं गेलो. मी त्यांना वर्षभरातले साखरेचे आकडे पहिल्यांदा दाखवले. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "दर महिन्याला मी विचारायचो, बाकी तब्येत कशी? तुम्ही म्हणायचात, ठीक." त्यांनी आवाज चढवला नाही, पण मला खाली बघावं लागलं. "चूक माझीही आहे. साखरेचा रिपोर्ट मी हातात मागायला हवा होता." मग ते बायकोकडं वळले. "तुम्हाला हे कसे वाटतात? आधी आणि आता?"

तिनं पर्स बाजूला ठेवली. मग सांगायला लागली. मी पूर्वी पेपर वाचताना मोठ्यानं पुढाऱ्यांना शिव्या द्यायचो, ते बंद झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या माणसाला गॅलरीतून हाक मारायचो, ती बंद झाली. दाढी करताना डावं कानशील राहून जायचं. पावसात वाळत घातलेले कपडे समोर भिजत असले तरी बसून बघायचो. "आन् डॉक्टर, मी बोलत असले की ह्ये शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. मधी बोलायचंच न्हाईत. तवाच मला वाटलं, काहीतरी बिघडलंय."

डॉक्टर हसले. तीही थोडी हसली. ती हे सगळं बघत होती आणि मी ज्याच्यापासून तिला वाचवत होतो ते तिच्या डोळ्यांसमोरच चाललं होतं. ते ऐकताना मला फार थकवा आला. वर्षभर लपवण्यात किती ताकद गेली ते त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. कोलेस्ट्रॉलची गोळी स्टेंटसाठी लागणारच, ती राहिली. मनाची गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली. त्या सहा-सात आठवड्यांत पुन्हा झोपमोड, पुन्हा मळमळ, मधे चार दिवस पुन्हा नाडी हातात धरून बसणं. बायको समोर बसून वाट बघायची. बांधून द्यायची नाही. म्हणायची, "होऊ द्या तुमचं. बस गेली तर गेली." एकदा गेलीही.

तीन महिन्यांनी साखर एकशे चौतीस आली. बायकोला वाटलं, आता साखरेची गोळीच बंद करतील. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "उतरलीय, चांगलं आहे. पण सगळी त्याच मेळामुळं चढली होती असं मी छातीठोक सांगणार नाही. तुमच्या वडिलांना होती, तुमचं वय आहे. आणि उतरायला तुमचं चालणंही असेल. थोडी त्याची, थोडी याची." साखरेची गोळी अर्धी झाली, बंद झाली नाही. मला खरं तर कुणीतरी ठाम सांगायला हवं होतं, की हो, तीच गोळी होती. म्हणजे निदान एवढा सगळा मनस्ताप कशापायी झाला ते कळलं असतं. पण तसं कुणी सांगत नाही. आणि गोळीनं साखर चढवली असेल, पण बायकोला खोटं गोळीनं सांगितलं नव्हतं.

आक्का आणि बायकोचं आता बोलणं आहे. पूर्वीसारखं नाही. आक्का मला काही वाढण्याआधी फोन करून विचारते, "ह्ये चालंल का गं त्याला?" आणि बायको म्हणते, "चालंल की, तुमी काय परक्या हाय का?" पण तरी आक्का विचारते. ते ऐकलं की मला कुठंतरी जाऊन बसावंसं वाटतं.

गेल्या शनिवारी पुन्हा रक्त द्यायचं होतं. उपाशीपोटी एकदा, जेवून दोन तासांनी एकदा. पहिलं रक्त देऊन घरी आलो, जेवलो, परत गेलो. प्रयोगशाळेत गर्दी होती, आमचा नंबर यायला वेळ होता. बायको माझ्या शेजारी बाकावर बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. थोड्या वेळानं बघतो तर ती बसल्या बसल्या झोपली होती, मान एका बाजूला कललेली. माझं नाव पुकारलं. मी हळूच उठलो, तिला न जागवता आत गेलो आणि हात पुढं केला.